गुरूचं एक वर्ष

"यंदा तुला गुरुबळ आहे, आता तरी स्थळं बघू दे," आजी फोनवर म्हणाली तेव्हा माझं रिलीज चालू होतं. "गुरूला दुसरी कामं नाहीत का गं?" म्हणून मी फोन ठेवला. मग वाईट वाटलं. जानेवारीतल्या त्या शनिवारी सॅकमध्ये दुर्बीण टाकली आणि सरळ नाशिक गाठलं.

तर मंडळी, हा गुरू म्हणजे सूर्यमालेतला थोरला. बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी त्यांच्या अडीचपट वस्तुमान ह्या एकट्याचं. उभं राहायला जमीन नाही, बहुतेक सगळा हायड्रोजन आणि हेलियम. एवढं धूड, पण स्वतःभोवतीची गिरकी 10 तासांच्या आत. म्हणजे आपण ऑफिसातून घरी येईतो त्याचा अख्खा दिवस संपलेला! सूर्याभोवतीची फेरी मात्र निवांत, 11.86 वर्षं. म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. तो सिंहेत आला की नाशकात सिंहस्थ, म्हणून तो बारा वर्षांनी.

रात्री गच्चीवर दुर्बीण स्टँडला लावली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा आजीने लावला. बराच वेळ काही नाही. मग, "अरे, बाजूला बारीक टिकल्या आहेत. चार."

"त्याचे चंद्र. एकूण नव्वदच्या वर आहेत, पण हे चार सगळ्यात मोठे. गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीतच बघितले. रोज जागा बदलतात म्हणजे गुरूभोवती फिरतात, हे त्याने ओळखलं. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं ह्या समजाला तिथे धक्का बसला."

"म्हणजे गुरूचासुद्धा संसार आहे. तुझाच नाही."

घ्या! ह्यावर काय बोलणार?

मग ती गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "2015 च्या सिंहस्थाला तुझे आजोबा होते. पुढच्याला परत रामकुंडावर जाऊ म्हणाले होते."

मी मनात हिशोब केला. गुरूच्या वर्षांनी मी जेमतेम सव्वादोन वर्षांचा, आजी सातेक वर्षांची. आजोबा आणि तिच्यामधला वायदा फक्त एका वर्षाचा होता.

असो. सोमवारी ऑफिसात 2027 च्या पर्वणीसाठी रजा मागितली. मॅनेजर हसला. मी नाही हसलो.