बिऱ्हाड आणि परवाना

'बिऱ्हाड' हा शब्द आता क्वचित कानावर पडतो. चाळीत किती बिऱ्हाडे आहेत असे विचारले जाई, तेव्हा खोल्या नव्हे तर संसार मोजले जात. जागा दुसऱ्याची आहे हे सर्वांना ठाऊक असे. तरीही बिऱ्हाडकरूला कोणी पाहुणा समजत नसे.

डोंबिवलीत एका खोलीची जागा शोधताना दलाल 'वन आरके' म्हणतो. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर गेले की तेवढीच खोली 'स्टुडिओ' होते. ज्याचा दिवस लोकल आणि कचेरीत सरतो, त्याच्या खोलीला चित्रकाराच्या कामाच्या जागेचे नाव!

खरे नाव करारात असते. मी सही केलेल्या करारात 'भाडेकरू' हा शब्द नव्हता. मी 'लायसेन्सी' होतो. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत अशी गोष्ट करण्याची मुभा, जी मुभेवाचून बेकायदा ठरली असती. जागेत हितसंबंध मात्र निर्माण होत नाही. म्हणजे तिथे वरणभात शिजवणे हीदेखील परवान्याने केलेली कृती.

यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण मिळाले आणि भाडी गोठली. मालक मग 'भाडेकरू' हा शब्दच टाळू लागले. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षी १ फेब्रुवारीला करार चालू असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानले. जागा परत मिळेल की नाही, ही मालकांची धास्ती त्यामुळे वाढली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे सक्तीचे केले, आणि मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट भरपाई लावली. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी टाळण्यासाठी रूढ झालेले अकरा महिने मात्र, नोंदणी सक्तीची झाल्यावरही सवयीने टिकले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात एक प्रश्न दिसावा. पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' (१९५८) शक्य झाली, कारण तिच्यातली बिऱ्हाडे हलत नव्हती. भांडणे मुरायला, टोपणनावे रुजायला, मुलांची लग्ने एकमेकांच्या डोळ्यांदेखत व्हायला वर्षे लागतात. त्या वर्षांची हमी गोठलेल्या भाड्याने दिली होती. चाळीच्या भिंती खचल्या त्याही काही अंशी त्याच भाड्यामुळे. शेजाऱ्याचे पात्र होण्यास अकरा महिने पुरत नाहीत. दोन करारांत मला जिने पाठ झाले. शेजाऱ्यांची नावे दारावरच्या पाट्यांपलीकडे गेली नाहीत. पुस्तकांची खोकी तर बांधलेलीच राहिली.

मालकालाही दोष देता येत नाही. माझे तिसरे मालक निवृत्त कारकून. आयुष्याची पुंजी त्या एका खोलीत. मी तेहतीस महिने मागितले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि बावीसला होकार दिला. त्या आठवड्यात मी पुस्तकांचे शेवटचे खोके उघडले.