चाकातली हवा

सायकलच्या चाकात हवा किती असावी, यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. कन्या आणि तिची आई 'दगडासारखी घट्ट' या पक्षाच्या. मी एकटा विरोधी बाकावर. वर्ध्याहून सेवाग्रामला किंवा पवनारला धाम नदीपर्यंत डांबरी रस्त्याने जायचे असेल, तर त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. डांबरावर घट्ट चाक हलके पळते. पण कन्येने दोन इंच रुंद, दातेरी टायरांची सायकल घेतली आणि हिंगणीच्या पुढे बोर धरणाकडच्या मुरमाड वाटांवर जायचा हट्ट धरला, तेव्हा वादाचा विषय हवा न राहता हाडे झाली. (जंगलात 2014 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आमच्या वाटा बाहेरच्या.)

दुकानदाराने टायरच्या कडेवर छापलेला सर्वांत मोठा आकडा, 65 पौंड, दोन्ही चाकांत भरून दिला होता. तो आकडा टायरच्या सहनशक्तीचा, शिफारस नव्हे. पहिल्याच उतारावर चाक खड्याखड्यावरून टणाटण उडू लागले, हँडल हातून सुटले आणि पोर कोपरावर पडली. कोपर सोलवटले, एवढ्यावरच निभावले.

मी तिथेच बसून हवा सोडू लागलो. "बाबा, सगळी जाईल ना!" ती ओरडली. पण मऊ चाक खडा पोटात घेते, जमिनीला अधिक चिकटते. टणक चाक त्याला ठोकर मारून उडते. बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर डनलॉप याने 1888 मध्ये हवेचे टायर केले, तेही मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर हादरत होती म्हणून.

अर्थात फार मऊही नको. मग दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. तिचे वजन 38 किलो. घड्याळाच्या पंपाने मोजत आम्ही पुढे 25 आणि मागे 28 वर थांबलो; मागच्या चाकावर भार अधिक असतो. दुसऱ्यांदा तोच उतार ती माझ्या पुढून उतरली. मी ब्रेक धरूनच होतो.

बाभळीच्या काट्यापुढे मात्र कोणताच आकडा चालत नाही. पावसात काळ्या मातीचा चिखल चाकाला असा लिंपतो की सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. आणि मे महिन्यात पहाटे 25 अंशांत भरलेले 30 पौंड दुपारी 45 अंशांत 33 होतात.

हे सारे कन्येने वहीत उतरवून ठेवले आहे. यंदा वजन तीन किलोंनी वाढले, तेव्हा तिने मागचा आकडा स्वतःच वाढवला. मला विचारले नाही.