बन्नीमंटपातलं ऊन आणि पांढरं धोतर

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबू सवारी सुमारे ५ किलोमीटर चालून बन्नीमंटपाला पोहोचते. बन्नी म्हणजे आपली शमी. हत्तीच्या पाठीवर ७५० किलोंची सोन्याची अंबारी, तीत चामुंडेश्वरी! पण सवारीची वाट पाहण्यात दुपार जाते आणि घरच्यांचे फोटो निघतात ते भर उन्हातच. नंतर पाहावं, तर आजींच्या डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी!

डोक्यावरचं ऊन भुवयांखाली सावली टाकतं, म्हणून असं होतं. उपाय मात्र अगदी स्वस्त आहे. आजींना उन्हाकडे पाठ करून बसवा. समोर, चौकटीत येणार नाही असं, दोघांनी पांढरं धोतर ताणून धरा. धोतरावर पडलेलं ऊन मऊ होऊन चेहऱ्यावर परततं. कापड जितकं मोठं आणि जवळ, तितका उजेड मऊ. पुठ्ठ्यावर डकवलेला पांढरा कागदही चालेल. रंगीत साडी नको. तिची छटा गालांवर उतरते. चकचकीत चंदेरी कागद डोळे दिपवतो. हत्तींच्या वाटेवर तर तो काढूच नये.

सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटासाठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या अंगणावर पांढरं कापडच ताणलं होतं आणि त्यावर खालून दिवे टाकले होते.

ऊन कललं की धोतराची घडी करावी. रात्री मैदानावर मशालींची कवायत असते. तिथे त्याचं काही काम नाही.