दीवच्या टेकडीवरचे जहाज

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेले दीव हे चिमुकले बेट १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटले आणि १९८७ पर्यंत गोव्याच्याच कारभाराखाली नांदले. १५३५ मध्ये पायाभरणी झालेला किल्ला, भर पाण्यातले पाणीकोठा आणि फांद्या फुटलेली ती नवलाची होका-झाडे पाहून प्रवासी परततात. परंतु चक्रतीर्थाजवळच्या टेकडीवर, काचेच्या घरात, समुद्राकडे तोंड करून एक छोटेसे जहाज उभे आहे. ती ‘खुकरी’ या युद्धनौकेची प्रतिकृती. दीवला गेलात तर तिथे तासभर बसाच.

आमच्यासंगे आमच्या शेजारचे एक निवृत्त नौदल अधिकारी होते. वय ऐंशीच्या पुढे. बिऱ्हाडातली मुले त्यांना ‘कमांडर आजोबा’ म्हणतात. ‘खुकरी’च्याच जातीच्या दुसऱ्या नौकेवर त्यांची उमेदीची वर्षे गेली. जहाज ३१० फूट लांबीचे, पण यंत्रे आणि शस्त्रे यांतून उरेल तेवढ्यात माणसांनी राहायचे! गोडे पाणी मोजून मिळे. दिवसाच्या चार-चार तासांच्या पाळ्या. संध्याकाळची पाळी तेवढी दोन-दोन तासांची करून एकूण सात केलेल्या, म्हणजे रोज मध्यरात्रीचा जागर एकाच्याच वाट्याला यायचा नाही.

“आणि पाळीवर पाच मिनिटे आधी पोचायचे,” आजोबा म्हणाले. “उशीर केला तर घड्याळाचे काय बिघडते? वरचा माणूस मात्र तेवढा वेळ ताटकळतो. त्याची झोप आपण चोरलेली असते.”

युद्ध आले की याच घरात काळोख होई. रात्री उघड्या डेकवर विडीसुद्धा शिलगावायची नाही. केरकचरा समुद्रात टाकायचा नाही, कारण तरंगत्या कचऱ्यावरून शत्रू माग काढतो. पाळ्या वाढत, झोप तुटे. पाण्याखालचा आवाज टिपणारा माणूस तासन् तास कान लावून बसे.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘खुकरी’ आणि तिची जोडीदार ‘कृपाण’ दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात होत्या. ‘हंगोर’ पाणबुडीच्या पाणतीराने ‘खुकरी’ला गाठले. काही मिनिटांत जहाज बुडाले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला दिले, जमेल तितक्यांना जहाज सोडायला लावले आणि आणखी कोणाला वाचवता येईल का, हे पाहायला ते पुन्हा ब्रिजवर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले.

एवढे ऐकून आमच्या धाकटीने विचारले, “आजोबा, कॅप्टनना उडी नसती का मारता आली?”

आजोबा बराच वेळ काचेतल्या जहाजाकडे पाहत राहिले. गेलेल्यांपैकी दोघांच्या पंक्तीला ते एकेकाळी बसलेले.

“आली असती, बाळ. पण बदली माणूस आल्याशिवाय पाळी सोडायची नसते. आणि कॅप्टनला बदली नसतो.”

शौर्याच्या गोष्टी आम्ही वर्गात पुष्कळ शिकवतो. ऐन क्षणी माणसाच्या अंगात काहीतरी संचारते, अशी आमची समजूत. त्या टेकडीवर मला निराळेच वाटले. दुसऱ्याची पाच मिनिटांची झोप जपायची सवय जिथे वर्षानुवर्षे अंगी मुरते, तिथेच स्वतःचे जीवरक्षक जाकीट काढून देणारा हातही घडत असेल.

पुढे माझगाव गोदीत नवी ‘खुकरी’ बांधली गेली. १९८९ पासून बत्तीस वर्षे सेवा करून २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीवला सुपूर्द झाली. थोरलीच्या नावाने धाकटी आता इथेच मुक्कामाला आहे. आम्ही खाली उतरलो तेव्हा आजोबा पाच मिनिटे आधीच गाडीपाशी उभे होते.