इतर (असल्यास)

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाचा देवावर नसेल इतका विश्वास रकान्यावर असतो. खातं एक तर बचत, चालू, आवर्ती नाहीतर मुदत. पाचव्या प्रकारचं हवं असेल तर गिऱ्हाइकाने स्वतःची बँक काढावी!

त्यामुळे आमच्या भाच्याची टाइपस्क्रिप्ट ही संगणकभाषा मला एकदम घरची वाटली. कुठल्या जागी काय चालेल, हे तिथे प्रोग्रॅम चालण्याआधीच तपासलं जातं. ठरलेल्या पर्यायांच्या यादीला म्हणतात एनम. पूर्वी हे पर्याय शून्य, एक, दोन अशा आकड्यांनीच ओळखायचे. मध्येच कुणी नवा घुसवला की पुढचे सगळे एकेक घर सरकणार आणि जुन्या नोंदीतला 'दोन' परक्याच्या घरात नांदायला जाणार! 2017 साली आकड्यांऐवजी शब्द, म्हणजे स्ट्रिंग, ठेवायची सोय झाली. पण शिस्त भलतीच कडक. नुसतं 'बचत' लिहून चालत नाही. 'खातेप्रकारातलं बचत' असंच म्हणावं लागतं. आमचे कॅशियर सख्ख्या मेव्हण्याकडेही टोकन मागतात, त्यातलाच प्रकार.

"मग जरा सैल करायचं असेल तर?" मी विचारलं.

"मामा, नुसत्या शब्दांची यादी करायची आणि शेवटी म्हणायचं, 'किंवा कुठलीही स्ट्रिंग'. पण एवढंच म्हटलं तर तो यादी सुचवायचंच सोडून देतो. 'कुठलीही'मध्ये 'बचत' आलंच की! म्हणून त्या स्ट्रिंगला रिकाम्या महिरपी कंसांची जोड द्यायची. मग तो यादी सुचवतोही आणि यादीबाहेरचंही घेतो."

"आणि कुणी 'बच्चत' लिहिलं तर?"

"तेही घेतो."

माझ्यातला बी. कॉम. शहारला. उद्या नावे आणि जमा यांच्या शेजारी 'इतर' रकाना आला, तर ताळा जुळायचा केव्हा आणि मी घरी जायचो केव्हा?

पण मग एक खातेदार आठवल्या. 2015 च्या आधीची गोष्ट. फॉर्मात 'पुरुष' आणि 'स्त्री' असे दोनच चौकोन. त्या तृतीयपंथी. दोन्ही चौकोनांवर पेन फिरवत उभ्या राहिल्या. मागची रांग खाकरायला लागली. शेवटी एका चौकोनात खूण केली आणि कुणाकडेही न बघता निघून गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. 2015 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना फॉर्मांत तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं. त्या बाई आधीपासून होत्याच. रकाना तेवढा उशिरा जन्मला.

भाच्याला म्हटलं, "बाबा रे, यादी आपणच ठरवलेल्या गोष्टींची असेल तर खुशाल कुलूप लाव. नावे-जमा दोनच. माणसांची असेल तर एक फट ठेव. शुद्धलेखन काय, मागाहूनही तपासता येतं."

हल्ली काउंटरवरच्या फॉर्मांत 'व्यवसाय : इतर' याच्यापुढची रेघ मी पट्टीने बोटभर वाढवून ठेवतो. परवा एका काकूंनी तिथे 'सासूबाई' एवढंच लिहिलं. लिहू देत. वाचायला मी बसलोच आहे.