हाताचा रकाना

परवा आमच्या वाडीतल्या एका मुलीचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो होतो. नीट दिलेली, बीडीएसला जायचंय. वडील गणपतीच्या शाळेत मूर्ती करतात आणि ही पोरगी आठवीपासून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करते. कणकवलीकरांना सांगायला नको, आखणीला शाळेतले सगळेच हात लावत नाहीत. केसभर रेघ सरकली तर बाप्पा रागावलेला दिसतो.

मार्क, दाखले, जात पडताळणी सगळं भरून झालं. वडील स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ह्येच्यात हाताचो रकानो खंय आसा?"

आधी मी हसलो. मग गप्प झालो. कारण माणूस चुकीचं विचारत नव्हता.

नीटमध्ये 180 प्रश्न, 720 गुण. भौतिक, रसायन, जीवशास्त्र. हाताला काम एवढंच, की बॉलपेनने गोल काळे करायचे. प्रवेश झाला की मात्र पहिल्याच वर्षी मेणाचा ठोकळा देऊन सांगतात, ह्याची दाढ कोर. पुढे आरशात उलटं बघत, जिवंत माणसाच्या तोंडात मिलिमीटरचं काम. कॅनडात प्रवेश परीक्षेत साबणाची वडी कोरून दाखवावी लागायची, आता ते बंद झालं. ब्रिटनमध्ये मुलाखतीत विचारतात, हाताने काय करतेस? शिवण, वाद्य, काहीही. आणि लांब कशाला, आपल्याच राज्यात उपयोजित कलेच्या सीईटीत चित्र काढून दाखवावं लागतं. जाहिरात करणाऱ्याचा हात तपासायचा आणि दाढ काढणाऱ्याचा नाही, हे मला तरी कळत नाही.

"मग आपल्याकडेही मुलाखत ठेवा," असं कोण म्हणत असेल तर माझा विरोध लिहून ठेवा. वीस वर्षं बातमीदारी केलीय. आपल्याकडच्या मुलाखतीत पहिला प्रश्न 'हाताने काय करतेस' हा नसतो, 'कुणाकडून आलीस' हा असतो. गणपतीवाल्याच्या पोरीला तिथे कोण ओळखणार? नीटचे मार्क निदान कुणाच्या फोनने बदलू नयेत, एवढी तरी अपेक्षा ठेवता येते. घ्यायचीच तर परीक्षा घ्या: नाव झाकून, नंबर टाकून, सगळ्यांना एकच ठोकळा. पास-नापासापुरती. आणि जिचा हात कच्चा, तिलाही शिकवून हात येतो, हे आखणी शिकवणारे तिचे वडीलच सांगतील. म्हणून त्यावर कुणाची जागा जाऊ नये.

सध्या प्रश्न जागेचाच आहे. जिल्ह्यात सरकारी दंत महाविद्यालय नाही, राज्यातलं जवळचं म्हणजे मुंबई. खाजगीची फी त्या घराला झेपणारी नाही. ती मुलगी फॉर्मवर आपलं नाव तीनदा तपासत होती. नखांत पिवळा रंग होता.

वडिलांनी निघताना विचारलं, "यादी चवथीच्या तोंडार लागली, तर डोळे कोण काढतलो?"

मी चहा मागवला.