न धाडलेल्या पत्रांतील मौन

वृत्तपत्रांवरील नियंत्रण म्हटले की अधिकाऱ्याच्या हातातील कात्री डोळ्यांपुढे येते. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टला तिची फारशी गरज नव्हती. आधी अनामत रक्कम घ्यायची आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला की ती जप्त करायची, अशी त्या कायद्याची रीत होती. त्यामुळे मजकूर छापण्यापूर्वी सरकारच्या नजरेने वाचण्याचे काम संपादकावरच येई.

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी हे काम पत्करले नाही. १९१२ साली कलकत्त्यात त्यांनी सुरू केलेल्या ‘अल्-हिलाल’ची दोन हजारांची अनामत जप्त झाली, दहा हजारांची नवी मागण्यात आली आणि १९१४ मध्ये पत्र बंद पडले. पुढे ‘अल्-बलाग’ निघाले. १९१६ मध्ये त्यांना बंगालमधून हद्दपार करून रांचीला स्थानबद्ध करण्यात आले.

हाच संपादक ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचा अध्यक्ष म्हणून अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्यात बंदिवान झाला. तेथे त्यांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांना उद्देशून उर्दूत पत्रे लिहिली. ती धाडता येणार नाहीत, हे ठाऊक असूनच लिहिली. १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत, संगीत आहे. बाहेर ‘चले जाव’चे आंदोलन पेटलेले असताना राजकारण मात्र जवळजवळ नाही.

या मौनाला स्वनियंत्रण म्हणावे काय? ११ एप्रिल १९४३ चे पत्र येथे मार्गदर्शक ठरते. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मृत्युशय्येवर होत्या. वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या जेलरची पावले ऐकू आली की काळीज धडधडे. तरीही आझाद अंक वाचण्याची जणू काही घाई नाही असे दाखवत. सरकारकडे त्यांनी काहीही मागितले नाही. शांततेचा हा देखावा होता आणि त्यामागे अहंकार होता, अशी कबुली ते स्वतःच देतात.

भेद येथेच आहे. संयम आपली खूण मजकुरात ठेवतो. स्वनियंत्रण ती पुसून टाकते. संघर्षग्रस्त प्रदेशातील बातमीदाराची अनामत रुपयांची नसते, जिवाची असते. त्याने गाळलेले वाक्य छापील बातमीत पोकळी म्हणूनही उरत नाही, आणि बातमी पूर्ण आहे असे समजून वाचक अंक मिटतो. आझादांच्या पत्रांतील वैयक्तिक मौनाला शब्द लाभले. राजकीय मौनाला लाभले नाहीत. ते भीतीचे होते की विसाव्याचे, याचा निर्णय संहिता देत नाही. अनामत झुगारलेल्या संपादकाला भित्रा ठरवणे जितके उतावीळपणाचे, तितकेच त्या मौनात शौर्य वाचणेही. समीक्षेने ते मौन म्हणूनच नोंदवावे.